मरळीसाठी महागडा बास रॉड घ्यायचा तर

आपल्या पाण्यात बास नाही, मग बासचा रॉड, म्हणजे त्या माशासाठी बनवलेली गळाची काठी, कशाला, असं नवखे नेहमी विचारतात. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. गवताच्या आडोशाला दबा धरायचा आणि वरून काही गेलं की झडप घालायची, ही त्याची रीत. आपली मरळही तेच करते. म्हणून हिप्परग्याच्या तलावावर किंवा उजनीच्या फुगवट्यावर रबरी बेडूक टाकून मरळ धरणाऱ्यांना बासचे रॉड चांगले जमतात. मात्र वरच्या श्रेणीचा रॉड अमेरिकेतच चारशे-पाचशे डॉलरच्या घरात जातो, त्यात आयात शुल्क आणि कुरियरची भर. एवढे पैसे घालण्याआधी थोडा अभ्यास करायलाच हवा.

पहिल्यांदा आपली आमिषं तोला

घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर तुमचे बेडूक, स्पिनर (पाण्यात फिरणाऱ्या पात्याचं आमिष), सगळं एकेक तोलून वहीत लिहा. रॉडवर आमिषाचं वजन बहुधा औंसात लिहिलेलं असतं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, त्यामुळे ३/८ ते १ औंस लिहिलेला रॉड म्हणजे १० ते २८ ग्रॅमच्या आमिषांचा. बाजारातले बरेचसे बेडूक १० ते २० ग्रॅमचे असतात, ते या पट्ट्यात बसतात. सहा ग्रॅमचा स्पिनर याच रॉडने फेकला तर काठी वाकतच नाही आणि आमिष चार हातांवर पडतं. लोक दोष रॉडला देतात, चूक मात्र निवडीची असते.

मग मुठीच्या वरची अक्षरं वाचा

सेंट क्रॉय कंपनीच्या रॉडवर ‘७०एमएचएफ’ अशा धर्तीची खूण असते. सात फूट शून्य इंच लांबी, मीडियम हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन, असा तिचा अर्थ. इतर कंपन्यांची पद्धत थोडी वेगळी असते, पण माहिती हीच.

पॉवर आणि ॲक्शन यांत अनेकांची गल्लत होते. काठी वाकवायला किती जोर लागतो, ती पॉवर. काठी कुठून वाकते, ती ॲक्शन. फास्ट रॉड टोकाकडून वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो, मॉडरेट रॉड निम्म्यातून कमान घेतो. मरळीचं तोंड हाडकट असतं. गळ त्यात रुतवायचा आणि ती पाणकणसात शिरण्याआधी तिचं डोकं वर काढायचं, यासाठी मीडियम हेवी किंवा हेवी पॉवर आणि फास्ट ॲक्शनच हवी. क्रँकबेटसारखी (माशाच्या आकाराचं कडक आमिष) छोट्या तिहेरी गळांची आमिषं ओढायची असतील तर उलट मऊ, मॉडरेट रॉड बरा, कारण ताठ काठीच्या हिसक्याने गळ सुटून येतात.

लांबी काठ बघून ठरवा. मागे बेशरमाची झुडपं दाटली असतील तर साडेसात फुटी रॉड फेकताना अडकतो, तिथे सात फूट पुरे. मोकळ्या काठावर लांब रॉडने आमिष दूर जातं.

पैसा नेमका कशाचा देताय?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. महाग रॉड जास्त मजबूत, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. किंमत वाढते तसा काठीतला कार्बन अधिक मॉड्युलसचा, म्हणजे जास्त ताठ, येतो. तितकाच ताठपणा कमी मालात मिळतो, म्हणून काठी हलकी होते आणि तळाच्या दगडावर आमिष घासलेलंसुद्धा हाताला कळतं. पण पातळ भिंतीच्या त्या नळीला आडवा ठोका सोसत नाही.

माझा पहिला महागडा रॉड करमाळ्याकडच्या उजनीच्या काठावर मोडला. दोनेक किलोची मरळ होती. आनंदाच्या भरात काठी उभी धरून मी तिला तशीच उचलली. काठी उभी झाली की सगळा भार एकट्या टोकावर येतो. टोक काडीसारखं तुटलं. दोष रॉडचा नव्हता, चूक माझी होती. तेव्हापासून हातजाळीशिवाय मी काठावर जात नाही.

बेडकावर पडलेली झडप डोळ्यांना दिसते, ती हाताला कळायची गरज नाही. म्हणून फक्त बेडकावर मरळ धरणाऱ्याने मधल्या श्रेणीचा दणकट रॉड घ्यावा आणि उरलेले पैसे रील (दोरी गुंडाळायची चरखी) आणि लाईनवर (गळाची दोरी) घालावेत. तळाशी जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) किंवा रबरी गांडूळ हळूहळू सरकवणाऱ्याला मात्र वरच्या श्रेणीचा रॉड खरोखर उपयोगी पडतो. त्या फरकासाठी दिलेला पैसा वाया जात नाही.

गाईड म्हणजे लाईनच्या कड्या, तिथे कंजूषी नको. हलक्या दर्जाच्या कड्यांत ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाईन हळूहळू खाचा पाडते. फुजी कंपनीच्या सिलिकॉन कार्बाइड कड्या टिकतात, टायटॅनियमची चौकट गंजत नाही.

हातात आल्यावर

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. टोकाची कडी आधी तपासा, मग प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे तडा आहे. मुठीकडून एक डोळा मिटून पाहा, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. आपलंच रील लावून तोल पाहा. टोक सतत खाली ओढत असेल तर तासाभरात मनगट भरून येतं. कास्टिंगच्या रॉडला बोटासाठी खालून आकडा असतो आणि रील वर बसतं. स्पिनिंगचं रील खाली बसतं. तुमचं रील ज्या जातीचं, रॉडही त्याच जातीचा घ्या.

हुतात्मा एक्स्प्रेसने किंवा स्कूटरवर जाणाऱ्याने दोन तुकड्यांचा रॉड निःसंकोच घ्यावा. सात फुटी अखंड काठी दारात चिमटून मोडण्यापेक्षा ते परवडलं. वॉरंटीची अटही नीट वाचा. मोडका रॉड परदेशी पाठवायचा खर्च तुमच्यावर असेल तर त्या वॉरंटीचा फारसा उपयोग नाही.

सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत रॉड ठेवू नका. टोकाची कडी अनेकदा उष्णतेने मऊ होणाऱ्या डिंकाने चिकटवलेली असते, ती फिरते किंवा निसटते. आणि कार्बनमधून वीज वाहते. उजनीच्या काठाने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी चांगल्याच लोंबलेल्या. तिथे पोहोचल्यावर आधी वर बघा, मगच रॉड जोडा. वळवाचे ढग गडगडू लागले की काठी आडवी करून पाण्यापासून दूर व्हा.