पत्र्याखाली फॉइल लावूनही घर तापत होतं, शेवटी असं जमलं

परभणीत पत्र्याचं घर, एप्रिल-मेमधी दुपारी तीनला आत बसवत नव्हतं, पंखा पण गरम वाराच फेकायला. आधी वरून चुना मारला, तो पहिल्या पावसात गेला. मग बबल फॉइल (हवेचे फुगे असलेली चमकती शीट) आणून थेट पत्र्याला चिकटवली, काहीच फरक नाही, पैसे गेले त्याचा राग येगळाच.

चूक ही होती की फॉइलला हवेची फट लागते, पत्र्याला टेकली की उष्णता सरळ खाली उतरते.

मग असं केलं. आधी वायरिंग पाइपात घातली, कारण फॉइलमधून करंट जातो. पत्र्याखाली एक इंची चौकोनी पाइप मारले, त्याच्या खालून फॉइल ताणून स्क्रू-वायसरने बसवली, चमकती बाजू खाली, वर ठेवली तर धूळ बसून चमक जाते. जोडाला दोन इंच चढ देऊन फॉइल टेप. वळचणीला अन् आढ्याला फट उघडी सोडली, गरम हवा निघायला, फक्त जाळी लावली चिमण्यांसाठी. शेवटी पत्रा धुऊन, प्रायमर देऊन पांढऱ्या कूल रूफ पेंटचे दोन हात.

आता दुपारी फॉइलला हात टेकवता येतो, आधी चटका बसायचा. आजोबांच्या माळवदाइतकं (मातीच्या छताच्या घराइतकं) गार नाही, पण झोप लागायली.