लाभांश न देणाऱ्या फंडातून खर्चाला पैसे कसे काढावेत: गोव्यातल्या नवरा-बायकोसाठी

केवायसी झालेले आहे, पॅन-आधार जोडलेले आहे, असे धरून चालतो.

"लाभांश देत नाही ती गुंतवणूक कसली?" म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हा प्रश्न मला हटकून कोणी तरी विचारतो. कोमुनिदादचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) वर्षाचा वाटा, भाटातल्या (बागायतीतल्या) नारळांचे पाडप, याची सवय लागलेल्या आपल्या माणसांना हातात पडेल तेवढाच नफा वाटतो. पण म्युच्युअल फंडाचा लाभांश तुमच्याच युनिटांतून येतो. तो दिला की एनएव्ही, म्हणजे एका युनिटाचा भाव, तेवढी उतरते. सेबीने एप्रिल 2021 पासून त्या पर्यायाचे नाव बदलून आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉल) केले, आणि त्या लांबलचक नावातच भांडवल काढून घेण्याचा उल्लेख आहे. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. मी दोन वर्षे चवथीच्या खर्चासाठी लाभांशावर विसंबलो. तिसऱ्या वर्षी फंडाने काहीच दिले नाही, गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान उसन्या पैशांत आले.

तेव्हा फंड घेताना ग्रोथ पर्याय, म्हणजे नफा वाटून न देता फंडातच ठेवणारा, निवडा. जुना आयडीसीडब्ल्यू ग्रोथमध्ये वळवायचा असेल तर ती कराच्या दृष्टीने विक्रीच धरली जाते, हे विसरू नका.

एक वर्ष हात लावू नका. बहुतेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढले तर एक्झिट लोड (लवकर काढल्याचे शुल्क) असतो आणि अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के कर.

मग एसडब्ल्यूपी (सिस्टिमॅटिक विड्रॉल प्लॅन) लावा: दरमहा ठरावीक रक्कम, ठरावीक तारीख. पाच मिनिटांचे काम. सुटे शेअर विकत असाल तर दरमहा नको, वर्षातून एकदा-दोनदाच विका; डिमॅटमधून शेअर काढण्याचे शुल्क दर विक्रीला लागते.

एप्रिलमध्ये कॅपिटल गेन स्टेटमेंट डाउनलोड करा. 31 जानेवारी 2018 पूर्वीची युनिटे असतील तर खरेदी किंमत त्या दिवसाच्या भावाशी ताडून धरली आहे का, ते बघा.

इथपर्यंत पुण्या-मुंबईचा कोणताही सल्ला चालतो. पुढे चालत नाही.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5ए घातले गेले: पगार सोडून प्रत्येक प्रकारचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे वाटायचे. फोलिओ (फंडातले खाते) कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणाच्या खात्यात आले, याला महत्त्व नाही. माझे निवृत्तिवेतन पगारात मोडते, ते माझे एकट्याचे. ठेवीचे व्याज, भाडे, युनिटांवरचा नफा, हे सगळे अर्धे तिचे. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवली असेल तर हे लागू नाही, आणि नोकरीसाठी गोव्यात येऊन राहिलात एवढ्यावर ते आपोआप लागूही होत नाही.

पहिल्या वर्षी मी इथेच आपटलो. वाटणी करायची हे माहीत होते, क्रम माहीत नव्हता. समजा वर्षाचा दीर्घकालीन नफा (वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी युनिटांवरचा) 3,20,000 आहे. मी आधी 1,25,000 ची सूट वजा केली, उरलेल्या 1,95,000 चे दोन भाग केले आणि दोघांच्या नावे 12.5 टक्के कर भरला: एकूण 24,375. चूक! आधी नफा अर्धा करायचा, 1,60,000 प्रत्येकी. मग प्रत्येकाने आपापली 1,25,000 ची सूट घ्यायची. उरतात 35,000, कर 4,375. दोघांचे मिळून 8,750, वर सेस. बायकोला दुसरे फारसे उत्पन्न नसेल तर तिचा भाग मूळ करमुक्त मर्यादेतच जिरतो. आणि अर्धा करायचा तो नफा, विक्रीची रक्कम नव्हे. ही चूक करणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यात एक हिशेबनीसही होते.

दुसरा सापळा विवरणपत्राच्या फॉर्मचा. हल्ली सव्वा लाखापर्यंतचा असा नफा आयटीआर-1 या साध्या फॉर्ममध्ये दाखवता येतो, म्हणून पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "काका, तुमचं एका पानात होईल." नाही होत. 5ए लागू असलेल्याला आयटीआर-1 बंद आहे. आयटीआर-2 घ्या, धंदा असेल तर 3, आणि त्यातले शेड्यूल 5ए भरा: जोडीदाराचे नाव, पॅन, प्रत्येक सदरातले एकूण उत्पन्न आणि जोडीदाराकडे गेलेला भाग. ते भरले म्हणजे हिशेब झाला, असे समजू नका. एकूण उत्पन्नाच्या पानावर नफ्याचा आकडा अर्धाच उतरला आहे ना, ते स्वतः तपासा. पूर्ण दिसत असेल तर सबमिट करू नका.

बँकेने ठेवीवर कापलेला टीडीएसही अर्धा जातो. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये 5ए प्रमाणे जोडीदार, असा पर्याय आहे. तिथे जोडीदाराचा पॅन घाला. हे राहिले की तिच्या विवरणपत्रात उत्पन्न दिसते, कापलेला कर दिसत नाही.

"बाईमाणसाला कशाला विवरणपत्र?" असे म्हणणाऱ्या कर सल्लागाराला मी दुसऱ्याच वर्षी सोडले. तुमच्या पॅनवर सगळा नफा नोंदलेला, तुम्ही दाखवलेला अर्धा, आणि उरलेला अर्धा कुठेच नाही, मग विचारणा येणारच. दोघांचीही विवरणपत्रे एकाच बैठकीत भरा, म्हणजे आकडे जुळतात. ई-पडताळणी 30 दिवसांत, दोघांची वेगवेगळी. तिचा ओटीपी तिच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर चालू आहे का, ते आधी विचारा. आमच्याकडे तो दुबईला गेलेल्या मुलाच्या जुन्या सिमवर होता.