ओहोटीच्या दोन तासांत खडकाळ किनाऱ्याची मोजणी: शाळेसाठी कामाची रीत

समुद्र शिकवायचा म्हटलं की बहुतेक शाळा वाळूच्या किनाऱ्यावर जातात, कचरा उचलतात, फलक धरून फोटो काढतात आणि परत येतात. कचरा उचलणं चांगलंच आहे, पण त्यातून किनाऱ्यावर कोण राहतं हे कळत नाही. ते कळण्यासाठी खडकाळ किनारा बरा. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही तो शाळेच्या जवळपास कुठेतरी सापडतो. पाणी उतरलं की जीव उघडे पडतात, ते हलत नाहीत किंवा हळू हलतात, म्हणजे मोजता येतात. खाली दिलेली रीत सातवी ते बारावीच्या 24 मुलांच्या गटासाठी आहे. एकच जागा धरा आणि वर्षातून दोनदा-तीनदा तिथेच जा. तीन किनारे एकेकदा पाहण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

दिवस ठरवताना शाळेचं वेळापत्रक बाजूला ठेवा

सहल बहुतेक वेळा इथेच फसते. शनिवार मोकळा म्हणून शनिवार धरला जातो आणि पोचल्यावर खडक पाण्याखाली असतात.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. तृतीया असेल तर 3 गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. पहाटे सव्वादोनला आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आगेमागे. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हिशेब तोच. वर्गात मुलांना पंचांग देऊन हा हिशेब करू द्या आणि मग छापील तक्त्याशी ताडून पाहू द्या. दहा-वीस मिनिटांचा, कधी त्याहून जास्त फरक निघेल. तो का निघतो यावर एक तास सहज जातो.

प्रत्यक्ष सहलीसाठी मात्र तक्ताच वापरा. सर्वे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापते, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. आदल्या संध्याकाळी ते इशारे पाहणं चुकवू नका. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर येऊन थडकतात.

तक्त्यात दोन गोष्टी बघायच्या, ओहोटीची वेळ आणि तिची उंची. उंचीचा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका खडक जास्त उघडा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जातं, आणि हा परिणाम तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जास्त जाणवतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. ते दिवस सोडून द्या. हिवाळ्यात शाळेला तृतीया-चतुर्थी सोयीची पडते: उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी साडेआठ-नऊला येते, त्यामुळे अंधारात खडकावर उतरावं लागत नाही. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर खडकावर मुलं नेऊच नका.

वेळेची चौकट

ओहोटीच्या दीड तास आधी खडकावर उतरायचं आणि ओहोटीनंतर पाऊण तासाच्या आत सगळ्यांनी परत वर यायचं. ही वेळ कशी ठरली ते मुलांनाही सांगा. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग धरले, तर तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1 असे भाग चढतात. मुंबईत उधाणाला चार मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात 33 सेंटिमीटर, दुसऱ्यात 67 आणि तिसऱ्यात पुरा एक मीटर. पहिल्या तासात वाटतं की पाणी अजून लांबच आहे. आणि खरा धोका समोरच्या पाण्याचा नसतोच. खडकाच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला एखादी घळ असते. ती आधी भरते आणि परतीची वाट तोडते. म्हणून एक मोठं माणूस कामाला न लावता फक्त त्या घळीवर नजर ठेवायला उभं करा, गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या जवळपास निम्माच असतो. तिथे उघडा पट्टा अरुंद मिळतो, लाटेचा फटका मात्र जवळून बसतो.

दर सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पायात जुने कॅनव्हासचे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल. चपला चालणार नाहीत, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि हिरव्या शेवाळावर चप्पल हमखास सुटते.

चौकट बनवणे

खडकावर ठेवून तिच्या आतले जीव मोजायचे, अशी 50 सेंटिमीटरची चौकोनी चौकट लागते. त्यासाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपची 3 मीटरची एक नळी, चार एल्बो (काटकोनी सांधे), पाच-सहा मीटर रंगीत नायलॉन दोरी (गवंडी ओळंब्याला वापरतात ती) आणि पाईप चिकटवायचं सोल्यूशन. एका नळीत एक चौकट होते, चार गटांना चार नळ्या.

51 सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. एल्बोत कोरडेच बसवा आणि आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. 50 हवेत. जास्त भरले तर घासून कमी करा, मगच सोल्यूशन लावा. आधी चिकटवून मग मोजलं तर चौकट वायाच जाते. प्रत्येक बाजूला आतल्या कोपऱ्यापासून 10, 20, 30 आणि 40 सेंटिमीटरवर आरपार भोक पाडून दोरी ओवा. असे 10 बाय 10 चे 25 चौकोन तयार होतात, एक चौकोन म्हणजे 4 टक्के. दोरीच्या भोकांतून पाणी आत शिरतं, हे बरंच आहे, नाहीतर डबक्यात ठेवलेली चौकट तरंगत राहते. तंगूस (मासे धरायचा पारदर्शक नायलॉनचा धागा) वापरू नका. तो खडकाच्या रंगात दिसत नाही, आणि तुटून तिथे राहिला तर खेकड्यांच्या पायात अडकतो.

नोंदीसाठी कागद टिकत नाही. पांढऱ्या पीव्हीसी शीटचे ए4 मापाचे तुकडे घ्या, बारीक पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा आणि साध्या पेन्सिलने लिहा. ओलं झालं तरी अक्षर राहतं, घरी टूथपेस्टने घासलं की पाटी कोरी. पेन्सिल दोऱ्याने पाटीला बांधा.

जाण्याआधी मैदानावर सराव

मैदानात चौकट ठेवा, आत पानं पसरा. चारही गटांनी एकमेकांना न सांगता पानांनी किती टक्के जागा झाकली ते मोजायचं. नियम एकच: चौकोन निम्म्याहून जास्त झाकलेला असेल तर धरा, नाहीतर सोडा. सात चौकोन भरले तर 28 टक्के. पहिल्या वेळी उत्तरं 20 पासून 50 पर्यंत पसरतात. चारही उत्तरं दहा टक्क्यांच्या फरकात येईपर्यंत पुन्हा करा. हा सराव टाळला तर किनाऱ्यावर मिळालेला फरक किनाऱ्याचा की मुलांच्या डोळ्यांचा, हे कधीच कळणार नाही.

किनाऱ्यावर

सर्वांत वरच्या, कालवं सुरू होतात त्या रेषेच्याही वर एका लांब दोरीचं टोक धरा आणि ती किनाऱ्याला काटकोनात पाण्याच्या दिशेने न्या. उघडा पट्टा 30 मीटरचा असेल तर दर 3 मीटरवर, 80 चा असेल तर दर 8 मीटरवर चौकट ठेवायची. म्हणजे कुठेही अकरा ठिकाणं होतात. दोन दोऱ्या समांतर टाका, प्रत्येक दोरीवर दोन गट, आळीपाळीने पुढे. एका चौकटीला सहा-सात मिनिटं धरा. वरून खाली, उतरत्या पाण्याच्या मागोमाग जा. ऐन ओहोटीला तुम्ही सर्वांत खालच्या चौकटीवर असायला हवं.

मुलं चौकट हमखास काहीतरी छान दिसेल तिथे ठेवतात. समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) दिसलं की चौकट तिकडे सरकते. म्हणून चिठ्ठ्या करा: दोरीच्या डावीकडे की उजवीकडे, आणि किती पावलं. चिठ्ठीत जे येईल तिथेच ठेवायची, मग खाली नुसता काळा कातळ असला तरी. रिकाम्या चौकटीत "0" लिहायचा. तो शून्यही माहितीच आहे, हे पटवून द्यायला थोडा वेळ लागतो.

चिकटून बसलेल्यांचे टक्के काढायचे: बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले टणक कवचाचे छोटे जीव), कालवं, शेवाळ. हलणाऱ्यांची संख्या मोजायची: शंख, खेकडे, शंखात शिरून राहणारे साधू खेकडे. नाव येत नसेल तर "काळा, गोल, नखाएवढा शंख" असं लिहा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा हे बरं.

आता जागेची खूण. खडकावर रंग लावू नका, खिळा ठोकू नका. फोनचं जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवू शकतं, तेवढ्यात पट्टा बदलतो. मच्छीमार समुद्रात जागा धरतात तशी धरा: देवळाचा कळस आणि त्यामागचा टॉवर एका रेघेत येतात ती एक रेघ, आणि बाजूला कोपऱ्याचा माड व डोंगराची कड यांची दुसरी. दोन रेघा छेदतात तिथे दोरीचं टोक. दोन्हींचे फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेच उपयोगी पडतील.

उंची मोजल्याशिवाय अंतराला अर्थ नाही

कोण कुठे राहतं हे पाण्यापासूनच्या अंतरावर नाही, उंचीवर ठरतं. गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्या, म्हणजे दहा मीटर पारदर्शक नळी, त्यात रंगवलेलं पाणी. एक टोक एका चौकटीवर, दुसरं पुढच्या चौकटीवर, दोन्हीकडे उभी पट्टी. पाण्याच्या पातळ्यांच्या दोन आकड्यांतला फरक हाच उंचीतला फरक. नळीत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, म्हणून नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसरीकडून ओढून घ्या. चालताना दोन्ही टोकांवर अंगठे हवेत.

तक्त्यातल्या ओहोटीच्या मिनिटाला पाण्याची कड जिथे असेल ती जागा म्हणजे तक्त्यातला आकडा. ओहोटी 0.6 मीटरची आणि एखादी चौकट त्या कडेपासून 1.4 मीटर वर, तर तिची उंची 2.0. लाटांमुळे दहा-वीस सेंटिमीटर चूक राहील, शाळेच्या कामाला चालेल.

हात लावण्याचे नियम

दगड उलटायचा तर स्वतःच्या बाजूला उचला, पाहा आणि होता तसाच, त्याच बाजूवर ठेवा. उलटा राहिलेल्या दगडावर वरचं शेवाळ अंधारात मरतं आणि खालचे जीव उन्हात.

कातळावर रबरी बटणांच्या सतरंजीसारखे पसरलेले झोआंथिड मुंबई-रत्नागिरीकडे भरपूर दिसतात. त्यांच्या काही जातींत तीव्र विष असतं आणि दाबले की पाणी उडतं. हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर तोही उचलायचा नाही, तो विषारी काटा मारतो. बादलीत जीव गोळा करून वर्गाला दाखवणं बंद करा. उन्हात बादलीतलं पाणी लवकर तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो.

शंख घरी नेणं नको. रिकामा शंख हे साधू खेकड्याचं पुढचं घर असतं. शिवाय प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडे आणि काही शंख वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात, मेलेला तुकडाही उचलू नका. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे. तिथे काम करायचं तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

खडकावर कालवं काढणाऱ्या बायका भेटतील. त्यांना "पर्यावरण वाचवा" सांगायला मुलांना पाठवू नका, फार ओशाळवाणं होतं ते. त्यांना विचारायला लावा: पाणी कधी फिरेल, कालवं कुठे दाट आहेत, पूर्वी कुठे होती. त्या तक्ता न बघता सांगतात.

परतल्यावर

त्याच दिवशी पाट्यांवरचे आकडे वहीत उतरवा. उंची आडव्या अक्षावर, टक्के उभ्या अक्षावर, प्रत्येक जीवाला वेगळा रंग. पट्टे आपोआप दिसतात: वर बारीक शंख आणि बार्नेकल, मग कालवं, खाली शेवाळ आणि समुद्रफुलं. मग प्रश्न विचारा. पट्ट्याची वरची सीमा कशामुळे? बहुतेकदा ऊन आणि वाळणं. खालची? बहुतेकदा खाणारे शत्रू आणि जागेची मारामारी. कालवांच्या कवचाला आरपार गोल भोक दिसलं तर ते भोक पाडून आतला जीव खाणाऱ्या शंखाचं काम. तसं कवच फोटोत शोधायला लावा.

फोटो आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात, जाणकार ओळखायला मदत करतात. 13 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय तिथे खातं उघडता येत नाही, म्हणून ते शिक्षकांनी चालवावं. मुंबईत 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाचे लोक किनाऱ्यावर फिरून अशाच नोंदी करतात, त्यांच्या फेऱ्यांना एकदा जाऊन यावं.

जानेवारीत शेवाळ 40 टक्के आणि नोव्हेंबरात 10 टक्के आलं की मुलं "प्रदूषण!" म्हणतात. थांबवा. पावसाळ्यातल्या लाटा आणि गोडं पाणी खडक धुऊन काढतात, हा फरक ऋतूचाही असू शकतो. जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशीच करायची. तीन हिवाळे झाले की बोलायला थोडीफार जागा होते.

वही शाळेत ठेवा, कुणाच्या घरी नाही. दहावीचा वर्ग निघून जातो आणि वहीही त्याच्याबरोबर जाते, असं फार वेळा होतं.