अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटच्या प्रेमकविता वाचताना या चुका टाळा

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात सतरावं शतक आलं की 'टू माय डिअर अँड लव्हिंग हजबंड' ही कविता बहुतेक येतेच. बाराच ओळी, भाषा सोपी, त्यामुळे विद्यार्थी ती घाईने उरकतात आणि उत्तरपत्रिकेत तेच ते लिहितात. अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट मला फार मोठी कवयित्री वाटते. 1630 मध्ये 'अर्बेला' जहाजातून ती नवरा आणि आईवडिलांबरोबर मॅसॅच्युसेट्सला आली. वय अठराच्या आसपास. तिथल्या कडक थंडीत आठ मुलं वाढवता वाढवता तिने लिहिलं. तिच्या श्रद्धेचा अभ्यास न करता तिच्या प्रेमावर पानं भरलेली पाहिली की मला राग येतो.

सात जन्म आणि पतिपरमेश्वर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कवितेच्या शेवटी ती नवऱ्याला म्हणते की जगतोय तोवर प्रेमात असे टिकून राहू, की जगणं संपल्यावर आपण कायमचे जगू. आपली मुलं हे वाचतात आणि त्यांना लगेच वडाला गुंडाळलेलं सूत आठवतं. मग उत्तरात येतं, 'कवयित्री जन्मोजन्मी हाच पती मागते.'

ती असं काहीही मागत नाही. ती प्युरिटन होती, म्हणजे इंग्लंडमधल्या कडक प्रोटेस्टंट पंथातली. प्युरिटन माणसासाठी जन्म एकच, मरण एकच आणि त्यानंतर न्याय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की पुनरुत्थानानंतर लोक लग्न करत नाहीत आणि लग्न करूनही देत नाहीत. म्हणजे स्वर्गात नवरा-बायको हे नातंच उरत नाही. जे कायमचं जगणार आहेत ते दोन तारलेले जीव आहेत, दांपत्य नव्हे. शिवाय शेवटपर्यंत टिकून राहणं हा प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतला, म्हणजे प्युरिटनांच्याही परंपरेतला, मोठा सिद्धांत आहे. देवाने निवडलेला माणूस अखेरपर्यंत ढळत नाही, असं ती मंडळी मानत. ती ओळ या सिद्धांताच्या प्रकाशात वाचली तर कळतं की ती नवऱ्याशी बोलता बोलता दोघांच्या तारणाविषयी, म्हणजे मुक्तीविषयी, बोलते आहे.

एका प्रकल्प-सादरीकरणात एका हुशार मुलीने या कवितेची आणि वटपौर्णिमेच्या गाण्यांची तुलना केली होती. स्लाइड देखण्या होत्या, बाहेरून आलेले परीक्षकही खूश होते. मी तिला ब्रॅडस्ट्रीटचीच 'बिफोर द बर्थ ऑफ वन ऑफ हर चिल्ड्रन' ही कविता मोठ्याने वाचायला सांगितली. ती तिने पाहिलीच नव्हती, कारण तिच्या गाइडमध्ये ती नव्हती. बाळंतपणात आपण मरू शकतो हे समोर ठेवून अ‍ॅन तिथे नवऱ्याला लिहिते: आपल्याला एक करणारी गाठ सुटली की मी तुझी आहे असं भासेल, पण प्रत्यक्षात मी कुणाचीच नसेन. पुढे ती त्याला विनवते की माझ्या लेकरांना सावत्र आईच्या जाचापासून जप. म्हणजे तो दुसरं लग्न करेल हे तिने गृहीत धरलंय आणि त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. ती 1672 मध्ये गेली. सायमन ब्रॅडस्ट्रीटने 1676 मध्ये खरोखरच दुसरं लग्न केलं. वाचताना ती मुलगी गाठीच्या ओळीवर थांबली, तीच ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, "मॅडम, मग माझी तुलनाच उभी राहत नाही." पुढच्या सत्रात तिने नव्याने लिहिलं ते दोन्हींतल्या फरकाबद्दल, आणि ते उत्तम होतं.

'पतिपरमेश्वर' ही त्याच चुकीची दुसरी बाजू. नवऱ्याला देवाच्या जागी बसवणं हे प्युरिटन नजरेत सरळ मूर्तिपूजेचं पाप. अ‍ॅनला ही सीमा पक्की ठाऊक होती. तुझ्या प्रेमाची परतफेड मला शक्य नाही, ती स्वर्गाने करावी, असं ती म्हणते. माणसाला कमावता येत नाही आणि फेडताही येत नाही अशी एकच गोष्ट तिच्या धर्मात होती, ती म्हणजे देवाची कृपा. नवऱ्याचं प्रेम तिला त्या कृपेसारखं वाटतं, पण त्याचा हिशेब ती देवाकडेच सोपवते. 1662 च्या सुरुवातीला सायमन वसाहतीच्या कामासाठी इंग्लंडला निघाला तेव्हाच्या कवितेत तर ती देवाशीच बोलते. तुझ्या या सेवकाला सांभाळ, म्हणते, आणि पुढे, माझ्या नवऱ्याला, माझ्या जिवलग मित्राला.

माझी सवय सांगते. या बारा ओळी शिकवण्याआधी मी वर्गात बायबलमधले तीन तुकडे वाचून घेते. उत्पत्तीचा दुसरा अध्याय, जिथे नवरा-बायको एकदेह होतात. गीतरत्नाचा आठवा अध्याय, जिथे महापूर प्रेमाला विझवू शकत नाहीत आणि घरातलं सगळं धन देऊनही प्रेम विकत मिळत नाही. आणि वर सांगितलेला मत्तय. मराठी बायबल चालतं. कवितेतल्या सोन्याच्या खाणी आणि नद्यांना न विझणारं प्रेम कुठून आलं ते मुलं मग स्वतःच सांगतात.

छोट्या, पण गुण खाणाऱ्या चुका

'या कवितेमुळे ती 1650 मध्ये प्रसिद्ध झाली.' नाही. 1650 मध्ये लंडनला निघालेल्या 'द टेन्थ म्यूझ' या संग्रहात चार महाभूतं, चार ऋतू, प्राचीन साम्राज्यं असे भारदस्त विषय होते. नवऱ्यावरची कविता छापली गेली 1678 मध्ये, ती गेल्यावर सहा वर्षांनी. घर जळल्यावरची कविता तर 1867 पर्यंत हस्तलिखितातच होती. प्रत्येक कवितेपुढे छापल्याचं साल लिहून ठेवा.

बारा ओळींत पूर्वेकडच्या संपत्तीचा उल्लेख दिसला की भारतावर अख्खा परिच्छेद लिहू नका. एक वाक्य पुरे.

कामासाठी दूर गेलेल्या नवऱ्याला लिहिलेल्या 'अ लेटर टू हर हजबंड' या कवितेतला कॅन्सर म्हणजे आजार नव्हे, कर्क रास. नवरा सूर्य आहे, तो दक्षिणेकडे गेलाय, मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावात मागे राहिलेली ती हिवाळ्यातली जमीन आहे. मकरेतून परत फिर, असं ती त्याला म्हणते. दक्षिणायन-उत्तरायण ज्यांच्या कॅलेंडरमध्ये असतं त्यांनी इथे अडखळायला नको. त्याच्या उबेतून मला ही फळं झाली, असं मुलांबद्दल ती सरळ म्हणते, तेही संकोचून गाळू नका.

'प्युरिटन म्हणजे रुक्ष, म्हणून ही बंडखोर'

या चुकीवर मला नीट बोलायचंय, कारण ती शिकलेली माणसं करतात. युक्तिवाद असा: प्युरिटनांना प्रेम वर्ज्य, अ‍ॅन प्रेमावर लिहिते, म्हणून ती धर्माविरुद्ध बंड करते. यातलं पहिलंच विधान चुकीचं आहे. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप 1630 मध्ये पुढे निघाला, बायको मार्गारेट इंग्लंडमध्ये मागे राहिली. सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आपण मनाने भेटायचं, असं दोघांचं ठरलं होतं. बायकोशी शरीरसंबंध टाळणाऱ्या एका नवऱ्याला बॉस्टनच्या चर्चने बहिष्कृत केलं होतं. पतिपत्नीने एकमेकांवर प्रेम करणं हे तिथे कर्तव्यच होतं. धास्ती होती ती अतिरेकाची, देवाने दिलेल्यात गुंतून देणाऱ्या देवालाच विसरण्याची.

अ‍ॅनच्या कवितांमधली ओढाताण या धास्तीतून येते. 10 जुलै 1666 च्या रात्री अँडोव्हर गावातलं तिचं घर जळलं. पुढे त्या जागेवरून जाताना तिला कुठे पेटी होती, कुठे ती बसायची, ते एकेक दिसतं. या छपराखाली आता पाहुणा बसणार नाही, नवरदेवाचा आवाज येणार नाही. मग ती स्वतःलाच दटावते आणि वर स्वर्गात बांधून तयार असलेल्या घराकडे मन वळवते. बंडखोरीवाले पहिला भाग उचलतात आणि दुसऱ्याला वरवरचं म्हणतात. पण स्वतःचं मन असं उघडं करून तपासणं, कुठे अडकलंय ते शोधणं, ही प्युरिटनांची रोजची साधना होती. दोन्ही भाग मिळून ती कविता होते.

मुलांसाठी लिहिलेल्या तिच्या पत्राचीही हीच गत. नव्या देशातल्या रीती पाहून माझं मन उसळून उठलं, असं ती लिहिते. हे वाक्य मी कितीतरी निबंधांत पाहिलंय. त्याच्या लगेच पुढचं वाक्य मात्र गायब असतं: हा देवाचाच मार्ग आहे याची खात्री पटल्यावर मी ते स्वीकारलं आणि बॉस्टनच्या चर्चमध्ये सामील झाले. निबंध लिहिणाऱ्यांनी मूळ पत्र उघडलेलं नसतं. ते चार पानांचं आहे, नेटवर फुकट मिळतं, आणि तेवढंही वाचायची तयारी नसेल तर या कवयित्रीवर मत देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. देव आहे का, ही शंका आपल्याला अनेकदा आली, हेही ती त्याच पत्रात मुलांना सांगते. शंका तिने लपवली नाही, आणि तिचा शेवट कुठे झाला तेही लपवलं नाही.

पहिल्यांदा वाचत असाल तर क्रम असा ठेवा: आधी मुलांना लिहिलेलं पत्र, मग बाळंतपणाआधीची कविता, मग इप्सविचहून नवऱ्याला लिहिलेली पत्र-कविता, मग जळलेलं घर, आणि प्रसिद्ध बारा ओळी सगळ्यात शेवटी. गाइड त्यानंतरही उघडावंसं वाटलं तर खुशाल उघडा.