‘टक्’ वाजलं म्हणजे जमीन लागली असं नाही

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवरच्या नी-ऑलेसुंड गावी मी पहिल्यांदा हिमाची खोली मोजायला गेले, तेव्हा सळई खुपसली, ‘टक्’ वाजलं आणि वहीत ३८ सेंमी लिहून मोकळी झाले. सोबतच्या सीनियरने तीच सळई जोर लावून दाबली. कर्रकन् काहीतरी फुटलं आणि ती आणखी २० सेंमी आत गेली. मला लागला होता तो बर्फाचा थर. तिथे ऐन हिवाळ्यातही कधी कधी पाऊस पडतो, पाणी हिमात मुरतं आणि गोठतं. रेनडिअरची पंचाईत याच थरामुळे होते, खालचा चारा खुरांनी उकरता येत नाही.

चूक किरकोळ वाटेल. पण लिटरभर हिमाचं वजन ३०० ग्रॅम भरलं, तर २० सेंमी हिमात ६ सेंमी पाणी असतं. तेवढं पाणी मी एका नोंदीत गायब केलं होतं! म्हणून नुसत्या सळईवर विसंबू नका, खड्डा खणा. उन्हाकडे पाठ असलेली भिंत सरळ तासायची, दर १० सेंमीवर तापमान घ्यायचं, ठरलेल्या मापाचा नमुना कापून तोलायचा. नोंदी पेन्सिलीनेच, पेनची शाई गोठते. आणि जिथे वर्षभर मोजायचं आहे तिथलं हिम तुडवू नका. हिम म्हणजे मातीवरची गोधडी. ती दाबली की खालची माती जास्त गार पडते आणि तुमचं यंत्र इमानदारीत तुमच्याच पावलांची नोंद करतं.

भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र इथे २००८ पासून आहे. कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो, त्यामुळे उणे तापमानाची तयारी गोव्याच्या घामात सुरू होते. वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलांमुळे बंदूक सोबत लागते, ती चालवायचं प्रशिक्षणही. गावात वायफाय, ब्लूटूथ बंद. रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

हवामान केंद्राचं काम म्हणजे बरंचसं झाडलोट. वाऱ्याच्या यंत्रावर दव गोठतं, बॅटऱ्या थंडीत मान टाकतात. हातमोज्यांसकट स्क्रू फिरवायची सवय घरीच करा.

उन्हाळ्याअखेर तीच कसरत मातीत. वरची माती किती वितळली ते बघायला सळई पर्माफ्रॉस्टपर्यंत, म्हणजे खालच्या कायम गोठलेल्या जमिनीपर्यंत, दाबायची. आता ‘टक्’ वाजलं की मी लगेच लिहीत नाही. हातभर सरकून पुन्हा दाबते, कारण दगडही तसाच वाजतो.