केमोनंतरचा दुसरा आठवडा कसा काढावा

स्तनाच्या कॅन्सरची केमो घेऊन बाई मिरजेहून घरी आली की सगळं घर उलटी आणि केसांच्या काळजीत पडतं. त्यातलं बरंचसं सोपं आहे.

उलटीची गोळी उलटी व्हायची वाट न बघता, लिहून दिलेल्या वेळेलाच द्या. ऑनडॅनसेट्रॉन या उलटीच्या गोळीने शौचाला कडक होतं, ते डॉक्टरांच्या कानावर घाला. केमोचं लाल रंगाचं औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात, आधीच बारीक करून घ्या. तोंड आलं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा 1 चमचा मीठ आणि 1 चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. भडंग आणि ठेचा तूर्त बंद.

खरा धोका तापाचा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. लढायला पेशीच नसल्या की पू धरत नाही, सूजही फारशी दिसत नाही. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून कपाळाला हात लावून 'जरासं अंग कोमट आहे' म्हणणं बंद करा. डिजिटल थर्मामीटर घ्या, सकाळ-संध्याकाळ मोजा, आकडा वहीत लिहा. चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबा.

100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, की लगेच दवाखान्याला फोन. रात्रीचे दोन वाजले असले तरीही. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसतानाही फोन.

आणि 'एक पॅरासिटामॉल घे, सकाळी बघू' हा सल्ला देणाऱ्याला घरातून बाहेर काढा. गोळीने आकडा उतरतो, जंतू रक्तात वाढतच राहतात. काढ्याचंही तेच. सांगलीची हळद आमटीत खुशाल घाला, पण कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जत-आटपाडीहून मिरज गाठायला दोन तास सहज जातात, म्हणून गाडी कोणाची हे आधीच ठरवून ठेवा. निघतानाच फोनवर विचारा, पहिला अँटिबायोटिक डोस जवळच्या दवाखान्यात घ्यायचा का? पोचल्यावर रांगेत बसू नका. फाइल पुढे करून सांगा: केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, ताप इतका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) यांसाठी रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली असतील तर बहुतेक वेळा दाखल करतात.

पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर ते केमोनंतर 24 तास उलटल्यावरच. हाडं ठणकतात, ते अपेक्षित आहे. हे इंजेक्शन 2 ते 8 अंश सेल्सिअसला राहायला हवं. एप्रिलच्या उन्हात एसटीतून आणायचं तर बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात, पण बर्फाला थेट न टेकवता. गोठलं तर दवाखान्याला विचारल्याशिवाय टोचू नका.