फायबर बोटीची दुरुस्ती: कुठल्या जागी काय भरायचं

भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर लाकडी डोंग्यांच्या जोडीला फायबरच्या बोटी आल्या आहेत. त्यांच्या दुरुस्तीचं काम शिकणारा हमखास चुकतो तो पुट्टी निवडताना. गॅरेजमधली बॉडी पुट्टी तालुक्याला सहज मिळते, झटपट वाळते, छान घासली जाते. पण तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी धरते. पाण्याखालच्या भागाला लावली की फुगते आणि रंगासकट सुटते. तिथे ती वापरूच नका.

आधी बघा, त्या जागेवर ताण किती येतो. बोटीच्या अंगातली काच, म्हणजे काचतंतूंचं कापड, तुटली असेल किंवा आरपार भोक असेल, तर कुठल्याही पुट्टीने ताकद परत येत नाही; काचेचे थरच चढवावे लागतात. भोकाच्या कडा जाडीच्या बारापट रुंद उतरत्या घासा. बोटीचं अंग ४ मिमी जाड असेल, तर चहूबाजूंनी सुमारे ५ सेंमी. शिडाच्या बोटीत डोलकाठीचा पाया आणि तळाची कील (तळाचा मधोमध जाणारा कणा) या जागी फार ताण येतो, तिथे यात कसूर नको.

खाच, फट, सांधा भरायचा तर इपॉक्सीत (हार्डनर कालवला की घट्ट होणारं रेझिन) सिलिकाची पूड घाला. ती लेप उभ्या भिंतीवरून ओघळू देत नाही. पूड इतकी घाला, की काडी उचलल्यावर लेपाचं टोक उभं राहिलं पाहिजे, वाकता कामा नये. सांध्याला ताण असेल तर बारीक काचतंतूही मिसळा. हा लेप वाळल्यावर घासताना हात भरून येतात, म्हणून लावतानाच पट्टीने साफ करा. वरवरचा उंचसखलपणा काढायला मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पूड) बरे: हलके, घासायला सोपे, पण कमजोर. त्यांच्यावर इपॉक्सीचा एक हात देऊन छिद्रं बुजवल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नका.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर ते नीट धरत नाही. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी मात्र चांगली बसते. म्हणून दुरुस्तीला माझा कौल इपॉक्सीलाच. तिच्यासोबत विणलेलं कापड घ्या. साध्या चॉप्ड मॅटमधला (काचतंतूंचे तुकडे चिकटवून केलेल्या चटईतला) चिकटा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही.

आपल्याकडचा मे महिना हा मोठा शत्रू. पारा ४५ अंशांवर असताना डब्यात कालवलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरावतं, दगड होतं. पहाटे काम करा, थोडंच कालवा, ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओता आणि एका वेळी ५-६ मिमीहून जाड थर देऊ नका. पॉलिएस्टरला १०० ग्रॅममागे हार्डनर १ ते २ ग्रॅम. उन्हाळ्यात १ ग्रॅमच्या आसपास राहा. इपॉक्सीचं प्रमाण मात्र कंपनीने दिलेलं, ऋतू बघून बदलायचं नाही. बदललं तर ती कायमची चिकट राहते. ऊन-थंडीसाठी हार्डनरच सावकाश किंवा जलद जातीचा घ्या.

कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि पॉलिएस्टरचा हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मग हार्डनर घाला. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. सिलिका हाताळताना आणि घासताना मास्कही लावा.

वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आला असेल, तर घासण्याआधी तो पाण्याने आणि काथ्याने धुवा. घासून झालं की रंग लावायलाच हवा, कारण उन्हात उघडी इपॉक्सी पिवळी पडून खडूसारखी झडते.